मुळ्या कुजल्यावर

"थांबा सायेब, जमिनीला इचारू," असं म्हणून मावशी तांब्याभर पाणी मातीवर ओतायच्या आणि उकिडव्या बसून ते कुठं जातं ते बघत राहायच्या.

नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी मी छोटंसं घर बांधलं, तेव्हापासून त्या तिथं राखणीला होत्या. मी आणि बायको नवीन पनवेलहून शनिवार-रविवार जायचो. त्यांची खोली आमच्या घरामागे, उताराला लागूनच. आळं करायचं असो की रोप लावायचं, आधी जमिनीला विचारणं ठरलेलं. आम्हाला त्याची गंमत वाटे. तुम्हालाही वाटली असती.

खिडकीतून डोंगर नीट दिसावा म्हणून मी उतारावरची ऐनाची झाडं तोडायचं ठरवलं. मावशींनी एका ऐनाच्या बुंध्याशी पाणी ओतलं. झटकन मुरलं. मग थोडं पलीकडे, उघड्या मुरुमावर ओतलं. ते वाहत माझ्या बुटांपर्यंत आलं.

"बघितलंव? मुळी पान्याला वाट देते. आन मातीला धरूनबी ठेवते."

मी हसलो. झाडं गेली.

दोन पावसाळे लाल पाणी उतारावरून अंगणात यायचं. तिसऱ्या वर्षी ते कमी झालं. मी खूश झालो. मावशींचा चेहरा मात्र उतरला.

"वरून येत नाय, तर पानी जातंय कुठं?"

त्यांनी तोडलेल्या एका ऐनाच्या खुंटाशी हात घातला. आतल्या मुळीचा भुसा झाला होता, तिच्या जागी नुसती पोकळी. हात कोपरापर्यंत आत गेला.

"आत भरतंय सायेब. प्यायला झाड नाय, धरायला मुळी नाय."

पाऊस संपला की बघू, असं मी म्हणालो.

तीन दिवस सलग पाऊस झाला. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. मावशी मागच्या दारातून आत आल्या.

"उठा. उताराच्या बुडातनं गढूळ पानी फुटलंय."

"जेवून घेतो, मावशी."

त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. नखं रुतली. "माला लय भ्या वाटतंय, सायेब. चला!"

आम्ही तिघं रस्त्यावर पोचलो आणि मागे काहीतरी कडाकडा मोडलं. उतार खाली आला. मावशींची खोली दिसेनाशी झाली. आमच्या स्वयंपाकघरात, आम्ही बसलो होतो तिथं, खिडकीपर्यंत चिखल भरला. मी रस्त्यातच बसलो. मावशी माझ्या बायकोचे हात चाचपत विचारत होत्या, "वयनी, लागलं नाय ना?"

आता त्या कामोठ्याला लेकीकडे असतात. माफी मागायची असं ठरवून मी गेलो. त्या चहा टाकत होत्या. बाहेर सर आली. त्यांनी गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि दाराशी जाऊन बसल्या.

"आई, चौथा मजला हाय आपला," लेक म्हणाली.

"हाय ना," मावशी म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे. त्या पावसाचा आवाज ऐकत होत्या.