माझं पाणी जाऊन राहिलं

मला मदत केली ती हडपसरच्या आमच्या घरमालकीण काकूंनी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना हसू येईल, आणि हसता हसता लोक काकूंनाच हसतील. तसं व्हायला नको. ज्या बाईनं भाडेकरणीची लाज राखायला स्वतःची धडधाकट भिंत फोडून घेतली, तिला हसायचं असेल तर आधी हात जोडा, मग हसा. मीही तसंच करते.

मी वऱ्हाडातली. नववीत शाळा सुटली, मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या कंपनीमागं पुण्याला आले. आम्ही राहायचो ती इमारत म्हणजे पूर्वी काकूंचं शेत. शेत गेलं, त्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, पण काकूंची पिकाला पाणी द्यायची सवय काही गेली नाही. आता त्या गच्चीवरच्या टाकीवर लक्ष ठेवायच्या. तिसऱ्या मजल्यावर कोणाचा नळ टपकला की तळमजल्यावर काकूंना जाग यायची. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "भाडं दोन दिस इकडंतिकडं झालं तर चालंल. नळ उघडा ऱ्हायला तर सामान रस्त्यावर."

मला सहावा महिना लागला आणि अंगावर ओलं लागायला लागलं. आधी थोडं, मग रोजच. आमच्या गावात माझ्या मावशीच्या सुनेचं असंच "पाणी गेलं" होतं आणि तिचं बाळ हाती लागलं नव्हतं. त्या वेळी बायका एवढंच बोलल्या, पाणी गेलं. कुठलं पाणी, कसं असतं, किती जातं, काही नाही. मी तेव्हा लहान होते आणि मला वाटलं होतं, विहिरीचं असेल.

आईला विचारावं तर आईचा फोन कायम स्पीकरवर. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि पलीकडं बहुतेक अर्धी आळी. "कशी आहे बाई?" म्हटलं की मी म्हणायची, "बरी आहे." नवऱ्याला सांगावं तर तो घाबरून ड्युटीवर मशीनमध्ये हात घालील ही भीती. मग मीच माझा इलाज सुरू केला. मेडिकलमधून पाळीचे जाड पॅड आणले. पाकिटावरचं इंग्रजी मला लागेना, म्हणून ज्यावर सुंदर गुलाबी फुलं होती ते घेतलं. दिवसा तेच, झोपताना तेच, वरून जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यानं धुवायचं. आठवडाभरात ओलं तर थांबलं नाहीच, उलट खाजेनं जीव नकोसा झाला. आता दोन भीत्या झाल्या. बसले तरी रडू, उठले तरी रडू.

शेवटी एका सकाळी काकू जिन्यात भेटल्या आणि माझा बांध फुटला. मी हळूच म्हटलं, "काकू, माझं पाणी जाऊन राहिलं."

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "कवाधरनं?"

"झाले बरेच दिवस."

"आन आत्ता सांगतीस व्हय!" काकूंचा आवाज एकदम चढला. "तरीच म्हणते मी, टाकी का पुरत न्हाय! थेंब थेंब जातंय का धार?"

"थेंब थेंबच," मी म्हटलं. टाकी हा शब्द मी ऐकला, पण मला वाटलं पुण्यात पोटाला असंच म्हणत असतील.

"रातच्याला बी?"

"रात्रीबी."

"मग तू काय केलंस?"

"दाबून बसली काकू. जाड जाड लावलं."

"फडकी लावून काय थांबतंय! पार आतनं सडंल ना सगळं!"

हे ऐकून मी जिन्यातच मटकन बसले. आतून सडेल! मावशीच्या सुनेचं तसंच झालं असणार. काकूंना वाटलं, टाकी रिकामी केल्याचा पश्चात्ताप झाला पोरीला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नको. बोलावते माणूस. अर्ध्या तासात बंद करून देतो."

माझ्या मनात आलं, पुणं किती पुढं गेलंय. डॉक्टर घरी येतात.

आला तो प्लंबर. हातात भला मोठा पाना, खिशात पांढऱ्या टेपची रिळं. काकूंना तो मामी म्हणायचा. तो माझ्या खोलीत आला, पाना खाली ठेवला आणि मला विचारलं, "कुठनं जातंय?"

मी भिंतीकडं सरकले.

"अगं लाजतीस काय, दाखव त्याला," काकू म्हणाल्या. "त्याच्या हातानं हडपसरातली निम्मी कामं झाल्यात."

"काकू, मी नाही दाखवत! बाईमाणूस नाही का कोणी?"

"प्लंबर बाईमाणूस?" म्हणत प्लंबरनं काकूंकडं पाहिलं. तोवर त्यानं बाथरूममधले नळ फिरवून पाहिले होते, भिंतीला कान लावला होता. "मामी, इथं काय बी न्हाय. कोरडं ठणठणीत हाय. ताईंचं नक्की कुठलं पाणी जातंय?"

मी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि हुंदका फुटला. "बाळाचं."

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. प्लंबरनं पाना उचलला, परत ठेवला, मग छताकडं बघत उभा राहिला. बाहेर गॅलरीत शेजारच्या दोघी-तिघी जमल्याच होत्या. टाकी कोणी रिकामी केली हे बघायला कोण येणार नाही? "काय झालं हो काकू? सापडलं का?"

मी काकूंकडं बघून फक्त मान हलवली. नको, सांगू नका. सहाव्या महिन्यातली मी, परकं गाव, आणि उद्यापासून नळावर माझीच चर्चा.

काकू दारात गेल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "सापडलं. भिंतीत लिकेज हाय."

"मामी, भिंत तर..." प्लंबर म्हणाला.

"तुला काय कळतंय? फोड."

"काय फोडू?"

"फरशी फोड एखादी. आवाज झाला पायजे."

माणूस कामाचा पक्का. त्यानं छिन्नी लावली, हातोडा घातला. फरशी फुटली, तिच्यामागचा चांगला पाइपही फुटला आणि पाण्याची चिळकांडी थेट गॅलरीतल्या बायकांपर्यंत गेली. "अगं बाई, केवढं लिकेज!" त्या म्हणाल्या. थेंबाथेंबासाठी जीव टाकणाऱ्या काकू भिजत उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "बघा! मी म्हणलं न्हवतं?" मग माझा दंड धरला. "चल. रिक्षा थांबवते. टाकी मरू दे."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई कमी बोलायच्या आणि बोलल्या की टोचून बोलायच्या. मी सगळं सांगितलं. काकू शेजारी ओल्या साडीनं उभ्या. डॉक्टरांनी तपासलं, काडीवर नमुना घेतला, मग सोनोग्राफीच्या खोलीत नेलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. मी डोळे मिटून घेतले.

"पाणी भरपूर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

काकू पुढं सरकल्या. "टाकी भरलेली हाय म्हणायची?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "हो. काठोकाठ. गळती नाही."

मी डोळे उघडले. बाळानं पाय झाडला तेवढा मला दिसला.

मग डॉक्टरांनी मला समोर बसवलं. पोटुशीपणी असं पांढरं, पातळ जाणं वाढतंच, म्हणाल्या, शरीराचीच व्यवस्था आहे ती, बाळाकडं जंतू जाऊ नयेत म्हणून. "पण ही खाज मात्र तुम्ही स्वतः कमावलीय. सुवासिक पॅड, तेही चोवीस तास? अहो, पोटात बाळ आहे, अत्तराचं दुकान नाही. आणि ते औषधाचं पाणी फरशी पुसायला ठेवा." त्यांनी खणातून एक पातळ पट्टी काढून दाखवली. पँटी लायनर. बिनवासाचं, साधं घ्यायचं. ओलं लागलं की बदलायचं, ओलं अंगाशी ठेवायचं नाही. घरी असलात, झोपलात की काढून ठेवा, जरा हवा लागू द्या. आत सुतीच घाला, सैल. धुवायला साधं पाणी, तेही बाहेरून. "आणि पट्टी बदलताना बघत जा. हिरवं-पिवळं दिसलं, घाण वास आला, आग झाली, रक्त दिसलं, तर यायचं. आणि बदललं की लगेच भिजतंय, पाण्यासारखं, थांबतच नाही, असं झालं तर मात्र तसंच उठून यायचं. तेव्हा प्लंबर बोलवायचा नाही."

प्लंबरचं काकूंनीच सांगितलं होतं. मी तर शरमेनं अर्धी झाले होते.

घरी आल्यावर मी नवऱ्याला मेसेज केला, येताना लायनर आणा, डॉक्टरनं सांगितलं. पहिला शब्द टाइप करायचं धाडस झालं नाही, कारण जेवणाच्या सुट्टीत त्याचे मित्र एकमेकांच्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. संध्याकाळी तो आला आणि मोठ्या काळजीनं खिशातून एक काळी बारीक बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. डोळ्याला लावायचं लायनर.

"हे काय आणलं?"

"तूच तर लिहिलं. दुकानदारानं विचारलं, वॉटरप्रूफ देऊ का? मी म्हटलं, तेच द्या भाऊ, पाण्याचाच त्रास आहे." मग माझं तोंड बघून म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलं तर लाव ना बापा. डोळ्याचा अन् पोटाचा काही संबंध असंल."

मी ती बाटली घेऊन खाली काकूंकडं गेले. काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि एकदम गुडघे आवळून म्हणाल्या, "थांब, पोरी, हसवू नको. माझं बी जातं." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "कोणाला सांगू नको. तीन बाळंतपणं झाली तवापासनं. हसले की, शिंकले की. मी जुनं पातळ फाडून घडी करून ठेवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेडिकलमध्ये गेलो. इंग्रजी मला येईना आणि काकूंना मराठीसुद्धा चष्म्याशिवाय दिसेना. काकूंनी पाकिटं काउंटरवर मांडून घेतली आणि एकेक नाकाला लावून हुंगायला लागल्या. दुकानदार म्हणाला, "अहो आजी, धने आहेत का ते?" काकू म्हणाल्या, "गप. फुलाफुलाचं काढ बाजूला. फुलं देवाला." बिनफुलांचं एकच पाकीट उरलं. दुकानदारानं वाचून सांगितलं, वास नाही, सुती आहे. काकूंनी एक पट्टी उघडून उन्हात धरली. "एवढंसं? ही तर पापडी हाय." पण स्वतःसाठीही एक पाकीट घेतलंच.

खाज गेली, डॉक्टरांच्या मलमानं आणि हवेनं. ओलं मात्र जायचंच, पण आता मी बघायला शिकले होते. ती पांढरी पट्टी म्हणजे माझं रोजचं वर्तमानपत्र झालं. बातमी एकच, विशेष काही नाही. ते वाचून मी स्वयंपाकाला लागायची. काकू मात्र सकाळी गॅलरीत सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय गं, लिकेज कसं हाय?" मी म्हणायची, "नेहमीचंच." माझा नवरा भाबडेपणानं मध्ये बोलायचा, "काकू, भिंतीचं का? ते तर वाढून राहिलं." ते खरंच वाढलं होतं. फुटलेला पाइप जोडला होता, पण नीट बसला नव्हता. पूर्वी कोरडी असलेली भिंत आता टिपटिप गळत होती.

नववा महिना भरत आला. दुपारी मेथी निवडत बसले होते आणि कोमट काहीतरी झालं. उठून पट्टी बदलली. मेथीपाशी येईपर्यंत ती भिजली. परत बदलली, परत भिजली. पाण्यासारखं, बिनरंगाचं, थांबेचना. ही बातमी रोजची नव्हती. पण काय चाललंय ते मला कळत होतं. मावशीच्या सुनेला तेवढंसुद्धा कोणी कळू दिलं नव्हतं. मी जिन्यातून हाक मारली, "काकू, पाणी गेलं!"

"कुठलं?"

"बाळाचं!"

काकू गॅलरीत धावल्या आणि रिक्षासाठी ओरडायला लागल्या. पण घाईत तोंडातून निघालं ते भलतंच. "पाणी गेलं! आरं पाणी गेलं!"

सगळी इमारत उठली. बादल्या, कळशा, टब, पातेली, मिळेल ते घेऊन माणसं खालच्या नळाकडं धावली. "आज तर पाणी बंदचा गुरुवार नाही!" "महापालिकेला लाज नाही!" एक जण डोक्याला साबण लावून टॉवेलवर बाहेर आला. जिना बादल्यांनी भरला आणि मला उतरायला जागाच राहिली नाही. काकू पुढं होऊन बादल्या लाथाडत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भरलेली बादली सांडली, आणि मी मागून कळा सोसत, हसत, रडत उतरत होते. कोणीतरी प्लंबरला फोन केला होता. आम्ही रिक्षात बसतोय तोवर तो पाना घेऊन हजर. "मामी, परत फोडायची का?"

"फोड!" काकू म्हणाल्या आणि रिक्षा निघाली.

मुलगी झाली. रडली ती इतकी मोठ्यानं की डॉक्टर म्हणाल्या, हिच्या आवाजाला वॉशर नाही.

आता मुलगी चालायला लागलीय. काकूंचे गुडघे मात्र दुखतात, ऑपरेशन करावं लागेल म्हणतात, आणि त्या पुढं ढकलतात. लोकांनी आपलं सगळं करायचं म्हणजे लाज वाटते म्हणे. काकूंना हे वाचून दाखवणार आहे, म्हणून इथं लिहूनच ठेवते. काकू, तुम्ही ज्या दिवशी अंथरुणाला लागाल, त्या दिवशी तुमचं न्हाणं-धुणं, बदलणं, सगळं मी करीन, बिनफुलांचं पाकीट उशाशी ठेवून. दार लावून घेईन. गॅलरीतून कोणी विचारलं, आत काय चाललंय, तर सांगीन, भिंतीत लिकेज आहे. आणि कोणाचा विश्वास बसला नाही, तर एक फरशी मी माझ्या हातानं फोडीन.