आग्नेय कोपऱ्यातला व्हॉल्व्ह

माझ्या धंद्यात नाकाला फार सोसावं लागतं. लोकांना वाटतं, आग विझवायच्या यंत्रणेचं डिझाइन म्हणजे एसीत बसून लॅपटॉपवर लाल रेघा ओढणं. पण रेघा ओढायच्या आधी जुनी इमारत बघावी लागते. होजच्या पेटीत झाडू आणि जेवणाचे डबे निघतात. फायरच्या टाकीत चपला, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर फुगलेलं कबुतर निघालं. एका हॉटेलात शिडीवर चढून मी फॉल्स सीलिंगचा तुकडा उचलला, तर खालून छान चमकणाऱ्या स्प्रिंकलरच्या मागे पाइपच नव्हता. प्लायवुडला घट्ट बसवलेली पितळी तोटी, आणि वर नुसत्या उंदराच्या लेंड्या. त्या दिवशी देवासला घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली.

पंचवीस वर्षं हे काम केल्यावर धारच्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दादाचं धारला कापडाचं मोठं दुकान आहे. मागच्या मोकळ्या अंगणात त्याने दुकानाला जोडूनच तीन मजली नवीन इमारत काढली होती. "अगं, घरचं काम आहे. बाहेरच्यांना कशाला बोलावू? तू बस नक्शा बनवून दे, बाकी सब हो जाएगा." ह्या 'सब हो जाएगा'ची मला शिसारी आहे. आमच्या माळव्यात हे वाक्य कानावर आलं की समजावं, ह्यातलं काहीही होणार नाही.

तरी मी गेले, ती ताईसाठी. ताई म्हणजे दादाची थोरली बहीण. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय अधू झाला. बदनावरला दिली होती, दोन वर्षांत माहेरी परत आली, आणि तेव्हापासून दुकानाचं फॉल-पिकोचं काम तीच सांभाळते. हाताखाली सहा बायका आहेत. नवीन इमारतीत त्यांची शिवणाची खोली थेट तिसऱ्या मजल्यावर ठरली होती.

"ताईला खाली का नाही?" मी विचारलं.

"खाली शोरूम आहे ना. गिऱ्हाइकाला थोडंच वर चढवणार? आणि लिफ्ट आहे की."

आगीत लिफ्ट वापरायची नसते, हे मी त्याला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि चहा मागवला. सख्ख्या बहिणीला सगळ्यात उंच आणि सगळ्यात उकाड्याच्या जागी बसवताना ह्या माणसाच्या कपाळावर एक आठी पडत नव्हती, ते बघून मला तो चहा गिळवेना.

इमारतीचा सांगाडा उभा राहिला तेव्हा मी ताईला तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला सांगितलं आणि मोबाइलवर वेळ लावली. ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरली. चार मिनिटं आणि वर काही सेकंद लागले. खाली येऊन घाम पुसत तिने विचारलं, "पास की नापास?" मी हसले आणि वेळ वहीत टिपून घेतली. कापडाचे गठ्ठे, चिंध्या, तापलेल्या इस्त्र्या, मशीनचं तेल, असल्या मजल्यावर चार मिनिटं फार असतात. मग सगळं डिझाइन मी त्या चार मिनिटांवर बेतलं. धूर हुंगणारे डिटेक्टर, मजल्यामजल्यावर भोंगे, ताईच्या खोलीतूनच निघणारा मागचा लोखंडी जिना, आणि छताला स्प्रिंकलर. स्प्रिंकलरमध्ये लाल पाण्याची बारीक काचेची कुपी असते. अडुसष्ट अंश झाले की ती फुटते आणि बरोबर त्या जागी पाणी सुटतं. आग विझली नाही तरी चालेल, ताई खाली येईपर्यंत पाण्याने आगीला अडवून धरावं, एवढंच मला हवं होतं.

दादा प्रत्येक गोष्टीवर कुरकुरला. जिन्याने मागची शोभा जाते म्हणाला. भोंगे पांढऱ्या रंगाचे मिळतील का, असं विचारलं. मी पण हटून बसले. एका बाबतीत मात्र मी ढिली पडले. अंगणात जमिनीखालून पाण्याचा जुना पाइप गेला होता आणि त्याच्या व्हॉल्व्हचा चौकोनी खड्डा होता. नवीन इमारत नेमकी त्यावर आल्यामुळे तो खड्डा तळमजल्याच्या आग्नेय कोपऱ्यात, शोरूमच्या आत सापडला. नवीन इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरच्या स्प्रिंकलरचं पाणी त्याच व्हॉल्व्हमधून जाणार होतं. तो बाहेर हलवायला हवा होता. मी त्यावर लोखंडी झाकण बसवलं आणि तसाच राहू दिला. ही चूक माझी आहे, ती कुणावर ढकलत नाही.

काम मात्र चोख झालं. चाचणीच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची तोटी उघडली, तेव्हा पाणी असं उसळलं की ताईच्या बायका पदर खोचून मागे पळाल्या. मी खूश होते.

मग वास्तुशांत आली.

धारची-देवासची आमची मराठी घरं घरात निम्मं हिंदी बोलतात, पण पूजेला सगळं जसंच्या तसं लागतं. दुकानाची वास्तुशांत म्हटली तरी होम आलाच. पूर्णाहुतीच्या ज्वाळा आणि वर शोरूमचं ठेंगणं छत. एखादी कुपी फुटली असती तर नव्या साड्यांचा लगदा झाला असता. म्हणून आदल्या दिवशी मीच खड्ड्यात हात घालून व्हॉल्व्ह बंद केला आणि डिटेक्टरना प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. आमच्या कामात हे करतात, होम झाला की लगेच उघडतात. मला दुसऱ्या दिवशी पीथमपूरच्या कारखान्यात जाणं भाग होतं. दादाला बजावून आले, "होम आटोपला की मला फोन कर. मी फिटरला पाठवते."

फोन आला नाही. संध्याकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले. होमाचे, जेवणाच्या पंगतीचे, वहिनीच्या पैठणीचे. त्यातल्या एका फोटोत दादा आणि वहिनी जमिनीतल्या खड्ड्यात एक छोटी पेटी ठेवत होते. पेटीत वास्तुपुरुषाची चांदीची प्रतिमा असते. आमच्याकडे ती आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतात, सोबत सात धान्यं, दहीभात, शेवाळ. एकदा पुरली की ती जागा परत उकरत नाहीत. मी फोटो मोठा करून पाहिला. दादाच्या कोपराखाली मला माझ्या व्हॉल्व्हचं लाल चाक दिसलं.

"तयार खड्डा होता ना," दादा फोनवर म्हणाला. "नाहीतर नवीन ग्रॅनाइट फोडावा लागला असता. गुरुजी म्हणाले आग्नेय पाहिजे, आग्नेयच होती. परफेक्ट. रेती भरून मिस्त्रीने वरून ग्रॅनाइट पण बसवून टाकला. कळत सुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी धारला पोचले. खरंच कळत नव्हतं. मी दादाला तीनदा सांगितलं की तो व्हॉल्व्ह बंद आहे.

"वरच्या मीटरवर तर प्रेशर दाखवतोय," तो म्हणाला.

"ते पाइपात अडकलेलं पाणी आहे, दादा. भरून ठेवलेल्या लोट्यासारखं. सांडलं की संपलं. मागून थेंब येणार नाही."

"मग? आता वास्तू उकरायची? तुला कळतंय का तू काय बोलतेस?"

"वर ताई बसते."

"ताईचं पण ह्याच वास्तूत भलं आहे," तो म्हणाला आणि हात जोडून कपाळाला लावले. ग्रॅनाइट वाचवायला ज्याने देवाला नळाच्या खड्ड्यात घातलं, तोच मला देवाची भीती दाखवत होता. मी म्हटलं, काम पूर्ण झाल्याचं पत्र मी देणार नाही. तो शांतपणे म्हणाला, "नको देऊ. दुसरा कोणी देईल. धंदा आहे." आणि देणारे मिळतात, हे मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या हॉटेललाही कुणीतरी दिलंच होतं.

दुकान सुरू झालं. ताईची मशीनं वर गेली. डिटेक्टरच्या टोप्या तेवढ्या मी काढून आणल्या होत्या. म्हणजे आग लागली तर भोंगा वाजणार, ताईला कळणार, आणि उतरायला लागणारा वेळ मात्र तिला कुणी देणार नव्हतं. मी तिला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, वर बसू नकोस.

"मग कुठे बसू?" ती म्हणाली. "तुझ्याकडे देवासला येऊ, ह्या सहाजणींना घेऊन?"

मी फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस, दुसऱ्यांच्या इमारतींच्या नकाशांवर व्हॉल्व्हची खूण काढताना, मला माझ्याच हाताचा वीट यायचा.

मग दादा आणि वहिनी दोन दिवसांसाठी कुक्षीला लग्नाला गेले. मी फिटरला घेऊन भर दुपारी दुकानात पोचले. फिटर माझ्याबरोबर बारा वर्षं काम करणारा, पक्का माणूस, कसल्याही घाणीत उतरणारा. मी कोपरा दाखवला, खाली काय आहे ते सांगितलं. त्याने हातोडा आणि छिन्नी जमिनीवर ठेवली.

"बेनजी, म्हारे से नी होयगो," तो म्हणाला. "आप कहो तो गटर में उतर जाऊँ. भगवान पे घन नी चलाऊँ."

काउंटरवरचे दोघे सेल्समन साड्यांच्या घड्या घालता घालता थांबले. मी चिडले. अडाणीपणाला काही सीमा, असं काहीतरी बोलले, हातोडा उचलला, गुडघे टेकून बसले आणि छिन्नी फरशीच्या सांध्यावर धरली.

आणि माझा हात उठेना.

मी पूजा करत नाही. घरात देव्हारा आहे तो आईच्या वेळचा, त्यावर धूळ असते. पण लहानपणी एकदा आमच्या घराच्या आग्नेय कोपऱ्यावर माझा पाय पडला, तेव्हा आईने मला तिथेच वाकून नमस्कार करायला लावला होता. ते कुठेतरी मनगटात बसून राहिलेलं होतं. मी स्वतःला समजावलं, चांदीचा पत्रा आहे, बोटभर. खाली व्हॉल्व्ह आहे, वर ताई आहे. हातोडा वर गेला आणि तिथेच राहिला. इतके महिने दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्याकडे बघून नाक मुरडलं, आणि वेळ आली तेव्हा मी त्याच्याच शेजारी बसले होते.

कुणीतरी वर जाऊन सांगितलं असावं. जिन्यावर आवाज यायला लागला. आधी एक पाय, मग ओढलेला दुसरा, मग थांबणं. लिफ्ट चालू होती, पण ताई जिन्याने आली. ती पार खाली येईपर्यंतचा सगळा वेळ मी छिन्नी धरून बसले होते आणि एक घाव माझ्याकडून पडला नाही.

ताईने माझ्या हातातून हातोडा घेतला. "सरक," म्हणाली. वाकत नसलेला पाय बाजूला पसरून ती फरशीवर बसली.

"तुला काही वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं ना. पण पळायचं मला आहे."

तिसऱ्या घावाला ग्रॅनाइट तडकला. फिटरने तोंड फिरवलं. रेती बाहेर काढली तसा आंबलेल्या दहीभाताचा असा भपकारा आला की एक सेल्समन नाकाला रुमाल लावून रस्त्यावर गेला. धान्याला काळी बुरशी धरली होती, शेवाळाचा चिकट गोळा चाकाला लागला होता. ताईने उघड्या हाताने ते सगळं उपसलं. पेटी सापडली तेव्हा ती पदराने पुसली, मांडीवर ठेवली आणि मला म्हणाली, "हं, आता तुझं काम कर." चाक फिरवायला मात्र मला काही अडचण आली नाही. फिटरने वर पळत जाऊन चाचणीची तोटी उघडली, आणि पाइपातून पाण्याची धाव ऐकू आली.

"हे कुठे पुरायचं आता?" मी पेटीकडे बघत विचारलं.

"पुरत नाही. वर नेते. राखण करायची असेल तर माणसं बसतात तिथे करू दे त्याला."

दादा परत आला. मला वाटलं, आरडाओरडा करेल, संबंध तोडेल. तो तुटलेल्या फरशीपाशी उभा राहिला आणि त्याने मिस्त्रीला फोन करून विचारलं, ह्याच शेडचा ग्रॅनाइट अजून मिळेल का. मी लोखंडी झाकण पुन्हा बसवून घेतलं, माझं पत्र दिलं आणि त्याच्याकडे पाणीही न घेता निघाले.

निघायच्या आधी वर जाऊन आले. मशीनं चालू होती. पेटी ताईच्या टेबलावर दोऱ्यांच्या रिळांमध्ये ठेवलेली होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी तुझा हात का थांबला गं?"

"ग्रॅनाइट फार कडक होता," मी म्हटलं.

"हो का," ताई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली.