कडीवरचं पाणी

नांदेडच्या स्टेशनावर काचीगुड्याची गाडी लागली तेव्हा आईनं पोचवायला आलेल्या सगळ्यांसमोर मला बजावलं, "कुणी फार गोड बोललं तर का बोलतंय ते बघ." मांडीवर प्रज्ञा, माझी सहा वर्षांची लेक, पायाशी स्टोव्ह आणि भांड्यांचं पोतं. देशात नवनव्या कंपन्या निघत होत्या, तशाच एका टीव्हीच्या कंपनीनं ह्यांना हैदराबादेत सेल्समन म्हणून घेतलं होतं. गल्लीत कुणाचा विश्वास बसत नव्हता. माझा तर पहिला पगार हातात येईपर्यंत बसला नाही.

त्या दिवशी पोचवायला आलेल्या तुमच्यातले काही जण गावातच राहिलात, काही पुण्याला गेलात, कुणी आखातात. फोनवर मी "मजेत आहोत" एवढंच म्हणायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

गौलीगुड्यात एका जुन्या मराठी घरात आम्हाला पोर्शन मिळाला. भाड्याच्या खोल्यांना इथं पोर्शन म्हणतात. नळ आणि संडास अंगणात, सगळ्यांत मिळून. घरमालकीण काकूंचं घराणं पिढ्यानपिढ्या सरकारी नोकरीतलं. "बरं झालं बाई, आपली माणसं आली," म्हणत त्यांनी चहा टाकला. मग विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं?" आम्ही बौद्ध. हे म्हणाले, "देवाधर्माचं आम्ही फारसं करत नाही." काकू हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. पण परक्या मुलखात मराठी ऐकून कान निवले होते, म्हणून मी माझा संशय दुसरीकडे वळवला.

दोन-तीन महिन्यांत प्रज्ञाला ताप येऊ लागला. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ. बरी व्हायची, पुन्हा पडायची. मी नळाच्या पाण्यावर संशय घेतला. उकळलं, गाळलं, पुन्हा उकळलं. दूधवाल्यावर घेतला. दुकानात नव्यानं आलेल्या रंगीत थंड पेयांवर घेतला. शाळेतल्या तेलुगू बाईंवर जरा जास्तच घेतला, कारण त्या काय बोलतात ते मला कळत नव्हतं.

नारायणगुड्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, तिच्याशी थोडं बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या. "अम्मा, बच्ची पानीच नै पीती. पेशाब रोक के रखती. ऐसाच चला तो गुर्दे खराब हो जाते." गुर्दे म्हणजे किडन्या, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. मी एवढं उकळलेलं पाणी पोर पीतच नव्हती.

परतताना रिक्षात तिला विचारलं. ती म्हणाली, "मी संडासला जाऊन आले की काकू कडीवर पाणी टाकतात. शेजारचा बंटी गेला की नाही टाकत. म्हणून मी पाणी पीत नाही. मग जावंच लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन आले आणि खिडकीच्या फटीतून बघत राहिले. काकू तांब्या घेऊन आल्या. कडी धुतली, नळाची तोटी धुतली. चेहऱ्यावर राग नाही. तुळशीला पाणी घालावं इतक्या निवांत. मी बाहेर आले. "काकू, कडीला काय झालं?"

"काही नाही गं, जुनी सवय मेली. मनावर घेऊ नकोस. प्रज्ञाचा ताप कसा आहे?"

ताप विचारताना तांब्या हातातच होता. मला आजही त्याचा राग येतो.

महिनाअखेरीस आम्ही दिलसुखनगरला आलो. कोचिंग क्लासच्या वर एकच खोली, पत्र्याचं छत, पण संडास आमचा. खाली मुलं दिवसभर सूत्रं घोकायची. ताप हळूहळू थांबला, किडन्या वाचल्या.

आता प्रज्ञा कमावती आहे. अर्धं तेलुगू, अर्धं दखनी बोलते, मराठी वाचताना अडखळते. लोक मला विचारतात, गावाची आठवण येते का? येते. पण तिथल्या विहिरीवर आम्हाला कुठं उभं करायचे तेही आठवतं, म्हणून गावाला घर म्हणताना जीभ अडते.

गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो. प्रज्ञानं पाण्याचा पेला तसाच ठेवला. वाटेत मी म्हटलं, "अगं, आता कोण असलं काही करतं?"

"आपण निघाल्यावर तू कधी मागे थांबून बघितलंस, आई?"

नव्हतं बघितलं. आम्ही घरी आलो. मी कुलूप काढलं, तशी चपला दारातच टाकून ती आत गेली आणि उभ्या उभ्या बाटलीभर पाणी प्यायली. घर म्हणून मला एवढंच दाखवता येईल.