साडूभाऊंचं टेक्सास

टेक्सासची जेवढी काळजी आमच्या साडूंनी वाहिली, तेवढी खुद्द टेक्सासातल्या कोणी वाहिली नसेल. नागपूर आणि कटनीपलीकडे कधी न गेलेला हा गृहस्थ जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात तपासनीस होता आणि घरी ऐतिहासिक कादंबरी लिहीत होता. ऐतिहासिक म्हटल्यावर लोक तिच्यात गड आणि घोडे शोधायचे. साडूंच्या कादंबरीत होतं अमेरिकेत विलीन होण्याआधी जेमतेम दहा वर्षं स्वतंत्र राहिलेलं, सरहद्दीवरचं एक कंगाल प्रजासत्ताक.

कारखान्यात मापाचं गेज लावल्याशिवाय पुर्जा पास करायचा नाही, ही त्यांची सवय कादंबरीतही गेली. तिथले लोक मक्यावर जगत हे वाचलं, की घरात दोन महिने मक्याची भाकर. माझी मेहुणी म्हणायची, "यांचं टेक्सास कधी बुडते, देव जाणे." गाडी नदी कशी ओलांडते हे पाहायला त्यांनी भाड्याची बैलगाडी नर्मदेच्या उथळ पाण्यात घातली. बैल शहाणे निघाले, ते मागे फिरले. साडू नखशिखांत भिजून घरी आले आणि तिसरं प्रकरण पास झाल्याचं त्यांनी जाहीर केलं.

एका प्रश्नाला मात्र गेज सापडत नव्हतं. खजिना रिकामा, शेजारी चढाईला टपलेला, पुढारी भांडखोर, तरी लोक तिथून निघून का गेले नाहीत? याच शोधात साडू आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या गणेश मंडळाचे चिटणीस झाले. आरतीच्या मानावरून शहरातल्या मोठ्या मंडळाशी भांडून आम्ही चारदोन घरांनी हे मंडळ काढलं होतं. प्रत्येक बैठकीत प्रसादावरून जुंपायची आणि साडू खुशीत टिपणं घ्यायचे. हळूहळू टिपणं मागे पडली आणि मंडळात त्यांचा जीवच अडकला.

पुढच्या वर्षी ऐन गणपतीत देशाच्या सरहद्दीवर लढाई पेटली. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी, शहरात ब्लॅकआउट, संध्याकाळची आरती बंद. अध्यक्ष म्हणाले, मूर्ती मोठ्या मंडळात नेऊ आणि आपणही विलीन होऊन जाऊ. साडूंचा चेहरा पार उतरला. अशा गोष्टीचा शेवट त्यांच्याइतका कोणाला ठाऊक होता? त्यांनी एवढंच मागितलं, की उद्या सकाळी पाळी बदलताना एक आरती होऊ द्या, मग खुशाल न्या.

सकाळी मांडवात साडू, मेहुणी आणि मी, तिघंच. भोंगा झाला, तरी रस्ता रिकामा. मेहुणीने निरांजन लावलं तेव्हा कुठे पहिली सायकल आमच्या लाइनीत वळली. मग येतच राहिल्या. रात्रपाळीचे काळ्या हातांनी, दिवसपाळीचे हँडलला डबे अडकवून. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे शेजारी उभे राहिले. अध्यक्ष तेलकट कपड्यांतच आले आणि त्यांनी ताट हातात घेतलं. विलीन व्हायचा विषय कोणी काढला नाही, पुढेही नाही. साडू आरती अर्धवट सोडून माझ्याकडे वाकले. माझ्या कानाशी म्हणाले, "ते लोक काहून थांबले, काहून थांबले, इतके दिवस विचारून राहिलो होतो. कुठं जातील, साडूभाऊ? घर तर हेच ना."

मंडळ अजून चालू आहे. साडू आता जबलपुरातच विजय नगरात मुलाकडे असतात. कादंबरी पूर्ण झाली, फक्त विलीनीकरणाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलंय. परवा मी सहज विचारलं, तर म्हणाले, "लिहितो ना, घाई काय आहे? लोक राहून राहिले ना तिथं अजून."

मग मीही त्यांना घाई केली नाही.