मधलीचं माप

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते बायकांचे कपडे शिवायचे. दुकान म्हणजे किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामधली एक लांबट खोली. तिच्यात दोन मशिनी, एक कापायचं टेबल, पडद्याआड ट्रायलपुरती जागा आणि कोपऱ्यात एक बिनमुंडक्याचा लाकडी पुतळा. सगळ्या गिऱ्हाइकांत हा पुतळा शहाणा, असं मास्तर म्हणत. गळा मोठा झाला म्हणून तो कधी परत आला नाही.

मास्तरांना टेप लागायचा तो फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बाई दारात उभी राहिली की तिची छाती, कमर, दंडघेर आकड्यांतच त्यांच्या डोक्यात उतरे. त्यात वाईट काही नव्हतं. वाणी जसा मूठभर डाळ उचलून वजन सांगतो, तसंच ते. दुकानात काजं-बटणं करणारी मावशी मात्र संधी सोडायची नाही. "मास्तर, माणसाशी बोलताय. कापडाच्या ताग्याशी नाही. जरा तोंडाकडे बघा की!"

दुपारी दोनला दुकानातला टीव्ही लागे आणि मशिनी थांबत. मालिका तीन बहिणींची होती. थोरली भांडकुदळ, धाकटी लाडोबा, आणि मधली नुसतीच मधली. घरातलं सगळं काम तिच्या गळ्यात, आणि फोटो काढायची वेळ आली की नेमकी ती स्वयंपाकघरात. ट्रायलला येणाऱ्या बायका मुद्दाम दोनचीच वेळ मागून घेत. पडद्याआडून अर्धवट कपड्यांत ओरडत, "मावशी, बोलली का ती थोरलीला काही?" आणि मावशी सुईत दोरा ओवता ओवता सांगे, "बोलतेय कसली! गिळून बसलीय नेहमीसारखी."

ही मालिका खरं तर मास्तरांच्या बायकोची. ती होती तेव्हा मास्तर तिची टर उडवायचे. "तुझ्या मधलीला आज तरी जेवायला मिळालं का गं?" पुढे बायको आजारी पडली. शेवटी शेवटी तिच्याने डोळे उघडवत नव्हते. एकदा ती पडल्या पडल्या म्हणाली, "मधलीचं काय झालं हो?" मास्तरांना सांगता आलं नाही, कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं. ती गेली त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी त्यांनी दुकानात टीव्ही बसवला. तेव्हापासून तीन वर्षं एक भाग चुकला नव्हता. कुणी विचारलंच, तर उत्तर तयार हवं.

पण दुखणं आणखी खोल होतं, आणि ते मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोचे सगळे कपडे तेच शिवत. दुखणं कळायच्या आधीच्या अकरा महिन्यांत तिचे ड्रेस त्यांनी चार वेळा आत घेतले होते. ती म्हणायची, "सैल होतंय हो." हे म्हणायचे, "आण इकडे." दर वेळी उसवलं, टाचण्या लावल्या, नवी शिलाई मारली, आणि दर वेळी फिटिंग असं झकास बसलं की स्वतःवरच खूश झाले. बाई झिजत चालली होती आणि हा गृहस्थ तिला शोभेल असा कपडा करून देत होता. का सैल होतंय, हे एकदाही तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच ते. कपडे इतके बेतशीर बसत होते.

त्यामुळे एका मंगळवारी दुपारी मालिकेतली मधली चहाचा ट्रे घेऊन जिन्यावरून उतरली, तेव्हा मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"मावशी, हिचा दंड बघा."

"काय झालं त्याला?"

"पाव इंच उतरलाय."

"अहो, टीव्हीवरच्या बाईचा दंड पाव इंच! चष्मा पुसा आधी."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग मापांची वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं: मधली. खाली तारीख, आणि दंडघेर पावणेअकरा. त्याआधी अकरा होता, हे त्यांना पाठच होतं.

पुढच्या मंगळवारी साडेदहा. त्याच्या पुढच्या मंगळवारी सव्वादहा. टीव्हीतल्या बाकी कुणाच्या हे गावीही नव्हतं. थोरली भांडत होती, धाकटी नवा मोबाइल मागत होती. मधली मात्र आठवड्याला पाव इंच या हिशेबाने कमी कमी होत होती, आणि तिचे कपडे तरीही अंगाबरोबर बसत होते.

कुणीतरी ते आत घेत होतं.

चौथ्या आठवड्यात कॅमेरा तिच्या अगदी जवळ गेला. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिने हात उंचावला आणि मुंढ्याखाली शिलाईजवळ दोन टाके दिसले. कच्चे टाके, पिवळ्या दोऱ्याचे. मास्तर उठून थेट टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. आख्ख्या बाजारात कच्च्या टाक्याला पांढराच दोरा वापरतात. पिवळा एकटे मास्तर वापरत, कारण उसवताना तो सुटत नाही नजरेतून. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मशिनीच्या खणातलं पिवळं रीळ काढून पाहिलं. रीळ होतं. त्यावर दोरा किती होता, हे मात्र त्यांना आठवेना.

त्यानंतर दोन दिवसांनी ते घडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. किल्लीवाल्याचं कानशीचं खर्र-खर्र चालू होतं. मावशी मान खाली घालून काज विणत होती. पडद्यावर थोरली तावातावाने बोलत होती, मधली मागे उभी होती. बोलणं चालू असताना मधलीने हातातला ट्रे शांतपणे खाली ठेवला. पाऊल पुढे टाकलं. समोर, म्हणजे सरळ दुकानात बघितलं. आणि दोन्ही हात बाजूला, खांद्याच्या रेषेत उचलले. बायका मापाला उभ्या राहतात तशी ती उभी राहिली. थोरली बोलतच होती. तिला पाठीमागचं काही दिसत नव्हतं.

किल्लीवाल्याची कानस थांबली होती. मास्तरांच्या गळ्यातला टेप आपोआप हातात आला.

"मावशी," ते कसेबसे म्हणाले.

मावशीने वर पाहिलं. मधली ट्रे धरून मागे उभी होती.

"काय?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तोच भाग पुन्हा लागला. मास्तर दुकान उघडून एकटेच बसले होते. थोरली बोलली, मधली मागे उभी राहिली, आणि शेवटपर्यंत तिने ट्रे काही खाली ठेवला नाही.

सहाव्या आठवड्यात मास्तरांनी वहीत साडेनऊ लिहिलं. चॅनलला दोन पत्रं टाकून झाली होती. लेकीला फोनवर सांगून झालं होतं. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, कामाच्या धबडग्यात चार महिने घरी आली नव्हती. ती हसली होती. "बाबा, नटी आहे ती. डाएट करत असेल. तुम्ही तिला जेवायला बोलवा." त्या दिवशी पडद्याआड एक बाई ट्रायलला उभी होती, आणि मास्तर टीव्हीसमोर हात जोडून मोठ्याने म्हणाले, "बाई, डॉक्टरला दाखवा हो. कपडे आत घेऊ नका, डॉक्टरला दाखवा!"

ट्रायलवाली बाई एक बाही घातलेली आणि एक लोंबती अशा अवस्थेत बाहेर आली, आणि आपले कपडे घेऊन जी गेली ती गेलीच. मावशीने काम बाजूला ठेवलं आणि लेकीला फोन लावला.

"तुझा बाप टीव्हीशी बोलायला लागलाय गं. आणि नुसता बोलत नाही, पाया पडतोय. ये तू."

शनिवारी दुपारी लेक आली. मास्तरांनीच शिवलेला राखी रंगाचा ड्रेस अंगात, खांद्याला बॅग. दारातूनच म्हणाली, "कुठाय माझी सावत्र बहीण? तिच्यासाठी एवढं रडताय, माझ्यासाठी कधी रडलात?"

मावशी हसली. मास्तर हसले नाहीत. लेक उन्हाच्या बाजूने दारात उभी होती, आणि आकडे आपोआप त्यांच्या डोक्यात उतरत होते.

"मावशी, पाणी दे ना," म्हणत लेक स्टुलावर टेकली. "आणि बाबा, आलेच आहे तर एवढा ड्रेस आत घेऊन द्या. लोंबतोय नुसता. मीच दोन कच्चे टाके मारलेत, पण मला कुठे येतंय!" तिने हात उचलून मुंढ्याखालची शिलाई दाखवली. टाके वेडेवाकडे होते, आणि दोरा पिवळा होता.

"हा दोरा कुठला?"

"तुमचाच की. मागच्या वेळी नेलं होतं एक रीळ. चोर म्हणा हवं तर."

मास्तरांनी टेप तिच्या दंडाभोवती गुंडाळला. साडेनऊ. त्यांनी पुन्हा गुंडाळला. टेप काही दुसरं सांगेना.

"बाबा, तुमचे हात किती गार पडलेत!" लेक म्हणाली, आणि मग जरा थांबून, "गंमत सांगू? ऑफिसात हल्ली दुपारी असंच होतं. कुणीतरी मागे उभं राहून माप घेतंय असं वाटतं. गार टेप लागतो दंडाला. दोन आठवड्यांमागे तर मी चक्क हात पसरून उभी राहिले, सगळ्यांसमोर. जेवणानंतर, दोन-सव्वादोन झाले असतील. सगळे हसले. म्हणाले, शिंप्याची पोर शोभतेस." ती स्वतःही हसायला गेली, पण बापाचं तोंड बघून हसू अर्ध्यावर राहिलं. "झोप कमी होतेय, तेच असेल. घ्या ना आत. संध्याकाळपर्यंत होईल?"

मास्तरांची बोटं टाचण्यांच्या डबीत होती. कधी गेली, त्यांना कळलं नव्हतं. चार टाचण्या, दोन शिलाया, अर्ध्या तासाचं काम. लेक आरशासमोर उभी राहून म्हणाली असती, आता कसं झकास बसलं! आणि सोमवारी सकाळच्या गाडीने निघून गेली असती.

"घेणार नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"आत घेणार नाही. का सैल झालाय?"

"अहो, मी काय सांगू? थोडी बारीक झालेय."

"का झालीस?"

"बाबा, ओरडू नका."

"ओरडतोय मी!" मास्तर खरंच ओरडत होते. किल्लीवाला डोकावून गेला. "तुझ्या आईवर ओरडलो नाही. चार वेळा आणला तिने ड्रेस. मी घेतला आत. अकरा महिने मला माहीत होतं आणि मी शिलाया मारत बसलो. ऊठ."

लेक बापाकडे बघत राहिली. हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं. मग तिने बॅग उचलली.

मावशी हलकेच म्हणाली, "चौकातल्या डॉक्टरीणबाई चारपर्यंत असतात. जा तुम्ही. मी दुकान बघते."

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी लेकीला काट्यावर उभं केलं, पापणी ओढून पाहिली, गळ्यापाशी बोटांनी चाचपलं आणि एका जागी बोटं जरा जास्त वेळ ठेवली.

"वजन कधीपासून उतरतंय?"

"लक्ष नाही दिलं," लेक म्हणाली. "असतील पंधरा दिवस."

"सहा आठवडे," मास्तर म्हणाले. "मंगळवारपासून. आठवड्याला पाव इंच, दंडाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवून वर पाहिलं. "तुमच्याजवळच राहते का ही?"

"नाही. चार महिन्यांनी आज बघतोय."

लेक मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. आता ती विचारणार, आणि तिला काय सांगायचं हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. पण आकडा खरा होता. तो त्यांनी परत घेतला नाही.

"सहा आठवडे," डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं. "भूक लागते का गं?"

लेकीने बापाच्या हाताशी हात नेला आणि बोटं धरली. लहानपणी ट्रायलला कंटाळली की धरायची, तशी.

"नाही," ती म्हणाली. "नाही लागत."