वर्षं सांगा, मशीन सांगतो

आहेर मशीन चालू करून पाहत नसत, बंद करून ऐकत. दुकानदार ड्रिल किंवा ग्राइंडर हातात द्यायचा. आहेर बटण दाबायचे, मशीन पूर्ण वेगात आलं की बोट उचलायचे आणि ते कानाजवळ धरायचे. आतला फिरता भाग थांबेपर्यंत दुकानात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. शेवटी खरखर आली किंवा झटका बसला, की मशीन काउंटरवर परत. "चालू तर सगळीच होत्यात," ते म्हणायचे. "थांबतंय कसं ते बघायचं."

वसंत आहेर मूळचे सटाण्याकडचे. नाशिकमध्ये अंबडच्या एका कारखान्यात आधी ग्राइंडिंगवर आणि नंतर हत्यारं सांभाळायच्या खोलीत नोकरी करून ते निवृत्त झाले. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या कॉलनीत ते शेजारी राहत. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे पार्किंगच्या जागेत त्यांनी वर्कशॉप थाटलं होतं. उंच, थोडे पुढे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा सदरा. थंडीत उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडत. ग्राइंडरच्या हादऱ्यांनी असं होतं, असं ते सांगत आणि ती बोटं चहाच्या ग्लासाला लावून बसत.

कारखान्यात हत्यार न्यायचं तर कामगाराला आपल्या नंबराचं पितळी टोकन खिळ्याला अडकवावं लागे. आहेरांनी ती पद्धत घरीही चालू ठेवली. त्यांच्याकडून पाना नेला तरी काहीतरी अडकवून जावं लागे. एकदा शेजारचे जोशी छत्री अडकवून निघाले.

"छत्री चालणार नाय," आहेर म्हणाले. "उन्हाळा हाय. ज्याच्यावाचून अडंल ते ठेवा."

जोशी चष्मा ठेवून गेले आणि तासाभरात हत्यार घेऊन परत आले.

हळूहळू कॉलनीत प्रथा पडली की घरी वापरायला मशीन घ्यायचं तर आधी आहेरांना विचारायचं. प्रश्न नेहमी एकच असे. स्वस्तातलं घेऊ की कंपनीचं चांगलं? आहेरांचं उत्तरही ठरलेलं होतं. "वर्षं सांगा, मशीन सांगतो." किती वर्षं वापरणार, रोज की सणासुदीला, लाकडावर की भिंतीवर, हे कळल्याशिवाय ते पुढे बोलत नसत. पडदे टांगण्यापुरतं हवं असेल तर ते सरळ सांगत, "घेऊ नका. माझं न्या." रोज चालवायचं असेल तर दुकानातल्या वरच्या फळीवरचं, भारीतलं घ्यायला लावत. मधल्या लोकांना सांगत, "मशीन हलकं चालंल, पातं हलकं नको." ग्राइंडरचं संरक्षक झाकण काढून काम करणाऱ्याशी मात्र ते बोलतच नसत.

या सल्ल्यातून त्यांना सुख फारसं मिळालं नाही. जोशींनी त्यांना वर्षं सांगितली ती उत्साहाच्या भरात. रविवारी फर्निचर करणार, रिटायर झाल्यावर तर रोजच करणार. आहेरांनी त्यांना बॅटरीवरचं महागडं ड्रिल घ्यायला लावलं. जोशींनी त्याने दोन फोटो टांगले आणि ते माळ्यावर ठेवून दिलं. पुढच्या वेळी काढलं तर बॅटरी मेलेली. ते खोकं घेऊनच आहेरांकडे आले.

"तुम्ही म्हणालात म्हणून एवढं भारी घेतलं."

"मशीन चांगलंच हाय," आहेर म्हणाले. "माळ्यावर ठेवायला चांगलं नव्हतं."

कोपऱ्यावरच्या घरातल्या एका तरुणाने याच्या उलट केलं. दोन वेळा वापरीन, असं सांगून सगळ्यात स्वस्त मशीन घेतलं आणि मग मित्रांची कपाटं करून द्यायला लागला. ते महिन्यात जळलं. तोही आहेरांकडेच आला. माणसं स्वतःची वर्षं चुकीची सांगतात आणि दोष मशीनला देतात, असं आहेरांचं मत झालं होतं. पण ते कोणाला परत पाठवत नसत. स्टूल पुढे ढकलायचे आणि कंटाळलेल्या आवाजात विचारायचे, "बसा. किती वर्षं?"

हा प्रश्न स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकणारं माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी सुमनताई. त्या शिक्षिका होत्या. त्यांची सातवीपर्यंतची शाळा नव्या इमारतीत गेली, तेव्हा जुनी सागवानी बाकं लिलावात निघाली. सुमनताईंनी त्यांतली काही घेतली. मुलांनी कर्कटकाने नावं कोरलेली, शाईने काळवंडलेली बाकं. त्यांचं जेवायचं टेबल करायचं होतं. बाकं जिन्याखाली पडून राहिली. आहेरांकडे दर वर्षी नवं कारण असे. लाकूड जुनं आहे, कडक आहे, आत खिळे आहेत, सवडीने करू.

मग सुमनताईंचं हृदय अधू झालं. जिना बंद झाला, पलंग खाली आला, चार पावलं चाललं की दम लागायचा. नाशिकच्या डॉक्टरांनी, आणि नंतर मुलाच्या ओळखीच्या पुण्यातल्या डॉक्टरांनीही, तेच सांगितलं. औषधं चालू ठेवा, मीठ कमी करा आणि फार लांबचे बेत आखू नका. आहेरांनी हे मला पार्किंगमध्ये सांगितलं, हातातलं काम न थांबवता. त्याच आठवड्यात त्यांचा लाकूड कापायचा जुना कटर बंद पडला. दारातल्या पायऱ्यांवर लाकडी उतार करायचा होता, बाथरूमला धरायचे दांडे बसवायचे होते. नवं मशीन लागणार होतं. त्यांनी स्कूटर सोडली होती, म्हणून सातपूरच्या दुकानात मी त्यांना गाडीने नेलं.

दुकानदाराने सवयीने वरच्या फळीकडे हात नेला. "काका, नेहमीचं काढू ना?"

"नको. खालचं दाखव."

"हे? हे तुम्हीच लोकांना घेऊ देत नाही."

"मला रोज नाय वापरायचं. एक उतार करायचा, दांडे बसवायचे. झालं."

"आणि नंतर?"

"नंतर काय काम नाय," आहेर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मशीन कानाशी धरलं नाही. चालूही केलं नाही. खोकं काखेत मारून ते गाडीत येऊन बसले आणि घरी पोचेपर्यंत बाहेर बघत राहिले.

सुमनताई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. आपसात बोलताना दोघं कधी कधी अहिराणीत उतरत. "हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

"कटर."

त्यांनी खोकं मांडीवर घेऊन फिरवून पाहिलं. मी निघू लागलो, तर म्हणाल्या, "भाऊ, बसा. तुमच्यासमोर हे खोटं बोलायचे नाहीत." मग नवऱ्याकडे वळल्या. "किती वर्षं धरली माझी?"

"सुमन, कामापुरतं आणलंय."

"टेबल कामात नाय धरलं?"

"ती बाकं कडक हायेत. ह्याच्यानं नाय व्हायची."

"म्हणून तर विचारते."

"डॉक्टर म्हणाले ते तू..."

"डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक हाय. मी तिथंच होते, हृदय बिघडलंय, कान नाय. तुम्ही किती धरली ते सांगा."

आहेर खोकं परत घ्यायला पुढे झाले. जो हिशेब ते सगळ्या कॉलनीला मोठ्याने करायला लावत, तो त्यांनी दुकानात मनातल्या मनात केला होता, आणि तो एका खोक्यावरून वाचता येत होता. ते म्हणाले, "बदलून आणतो."

"आता नका बदलू. आणलंय तर ह्याच्यानंच करा. आधी उतार करा, मग टेबल."

उतार झाला, दांडे बसले. मग जिन्याखालची बाकं बाहेर निघाली. स्वस्त कटरने जुना सागवान कापणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे, हे आहेरांना इतर कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. पातं त्यांनी उत्तम आणलं होतं, पण मशीनमध्ये दम नव्हता. वीतभर कापलं की ते हाताला चटका बसेल इतकं तापायचं. मग ते फरशीवर ठेवून थंड व्हायची वाट बघायची. लपलेला खिळा लागला की पात्याचे दात जायचे. हादरे इतके बसत की उन्हाळ्यातही त्यांची बोटं पांढरी पडू लागली.

मशीन थंड होईपर्यंत दुसरं काही करता येत नसे, म्हणून ते आत जायचे. गोळ्या द्यायचे, पाण्याचा तांब्या भरायचे, सुमनताईंच्या पायांवरची सूज अंगठ्याने दाबून बघायचे, समोर बसून राहायचे. मग पुन्हा बाहेर येऊन वीतभर कापायचे. सकाळ अशी जायची. दुपारी अंगात काही उरत नसे.

"चांगलं मशीन आणलं असतं तर चार दिवसांत मोकळा झालो असतो," ते कुरकुरायचे.

आतून आवाज यायचा, "मोकळं होऊन काय करणार होता?"

आहेर थकले होते. चेहरा उतरला होता, सदरा खांद्यांवरून लोंबायचा. सल्ला विचारायला येणाऱ्यांना ते आता स्टूलही पुढे करत नसत. एकदा मी म्हटलं, एखादा सुतार बोलावून उरकून टाका. त्यांनी भुसा झटकला. "उरकायचं कशाला," म्हणाले. "उरकल्यावर पुढं काय, ते मला दिसत नाय."

महिने गेले. सुमनताईंची तब्येत सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. डॉक्टर दर वेळी एखादी गोळी बदलत आणि लांबचे बेत नकोत, हे पुन्हा सांगत. टेबलाचा वरचा भाग तयार झाला. कोरलेली नावं सुमनताईंच्या हट्टामुळे घासून काढली नव्हती. पाय कापायचे राहिले होते, तेव्हा एका सकाळी पार्किंगमधून जळका वास आला. थोड्या वेळाने आहेर माझ्या दारात उभे राहिले. हात काळे झाले होते.

"जळालं," ते म्हणाले. "आतलं सगळं जळालं." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. "मशीन गेलं, भाऊ. ती हाय." एवढं बोलून ते ओशाळले आणि हात धुवायला नळ कुठे आहे, असं विचारू लागले. माझ्या घरातला नळ त्यांनीच बसवला होता.

या वेळी दुकानात सुमनताई आल्या. गाडीपासून काउंटरपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. दुकानदाराने स्टूल दिलं. त्यांना दम लागला होता, म्हणून सगळे थांबलो. दम ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "वरचं काढा."

मशीन हातात आल्यावर आहेरांनी बटण दाबलं, सोडलं आणि ते कानाशी नेलं.

"ऐका तुम्ही निवांत," सुमनताई म्हणाल्या. मग दुकानदाराला विचारलं, "वॉरंटीच्या कार्डावर नाव कुणाचं टाकता?"

"घेणाऱ्याचं."

"मग लिहा, सुमन वसंत आहेर."

दुकानदाराने आहेरांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघता? पेन्शन माझी हाय."

परतताना शिफ्ट सुटली होती. कामगारांच्या बस आणि मोटारसायकलींत गाडी अडकून पडली. आहेर मागच्या सीटवर खोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "आता एवढं महागाचं घेतलं म्हणजे वसूल होईस्तोवर जगावं लागणार."

"जगा की," पुढे बसलेल्या सुमनताई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

नव्या मशीनने पाय दोन सकाळींत कापून झाले. टेबल उभं राहिलं. जरा डुगडुगतं, म्हणून एका पायाखाली रबराचा तुकडा आहे. त्यावर दोघं आठ-नऊ महिने समोरासमोर बसून जेवले. मग एका सकाळी आहेर दूध घेऊन आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यांचं हृदय कोणी कधी तपासलं नव्हतं. त्या घरात तपासण्या एकाच माणसाच्या होत होत्या.

सगळे विधी झाल्यावर त्यांचा मुलगा प्रशांत पार्किंग आवरायला लागला. सातपूरचा एक जुना माल घेणारा टेम्पो घेऊन आला होता. मशीनं, पाने, पकडी, पात्यांचे डबे एकेक करून चढले. शेवटी तो महागाचा कटर उचलला, तेव्हा आतून सुमनताईंची हाक आली. त्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"बाकी सगळं ने. तेवढं राहू दे."

"आई, तू काय करणार त्याचं?"

"ते माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली. "लय वर्षं बाकी हायेत त्याची."