उसण उतरली असं आम्हाला वाटलं

मी लेखक नाही आणि डॉक्टर तर नाहीच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. दुखण्याबद्दल लोकांना काही सांगण्याचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून हे लिखाण मी दोनदा बाजूला ठेवलं. जिथं चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. तरी लिहितो आहे, कारण आमच्यासारखीच चूक आजही कुणाच्या तरी घरी होत असेल, आणि त्या घरातले सगळे खुशीत असतील.

डॉक्टरांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. आप्पा हसले. "ह्यो तर पोरांचा खेळ हाय की, डाक्टरसाहेब." ते उठले आणि चालू लागले. उजवा चवडा वर राहिला. डावा फरशीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. चौथ्या पावलाला त्यांचं हसू गेलं.

"याला फूट ड्रॉप म्हणतात," डॉक्टर म्हणाले. पाऊल घोट्यातून वर उचलता न येणं, असा त्याचा अर्थ. मणक्यांच्या मध्ये डिस्क, म्हणजे गादीसारखी चकती असते. ती फुटून बाहेर आली की पायाकडे जाणारी नर्व्ह, म्हणजे शीर, दाबली जाते. एमआरआयच्या फोटोत त्यांनी ती जागा पेनानं दाखवली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मान हलवली.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"परवापास्नं," आप्पा म्हणाले.

बारा दिवस झाले होते. ते खोटं का बोलले हे सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल.

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात. आप्पा आणि अव्वा, म्हणजे माझी आई, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांत लहान मुलांचा पाळणा लावतात. चार लोखंडी घोडे, मध्ये खांब, आणि हातानं फिरवायचं. सगळं एका जुन्या टेम्पोत बसतं, आणि टेम्पोतच त्यांचं घर असतं. मागच्या अर्ध्या भागात फळी टाकून झोपायची जागा, कडेला शेगडी, वर ताडपत्री. लोकांना वाटतं, पोटासाठी हाल काढतात. खरं म्हणजे आप्पांना घरात झोपच लागत नाही. पावसाळ्यात चार महिने गावात बसावं लागलं की ते चिडचिड करतात, उगाच टेम्पो पुसत बसतात. अव्वा म्हणते, "ह्यांचं लगीन त्या गाडीसंगं झालंय. मी आपली मागं बसून आलीया."

सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपवून दोघं गावी आले तेव्हा आप्पांच्या कमरेत उसण भरली होती. उसण म्हणजे कंबर एकदम धरणं. ती त्यांना दरवर्षी भरते. लोखंडी खांब उचलणाऱ्याला नवीन नाही. या वेळी मात्र कळ ढुंगणापासून पोटरीपर्यंत जात होती. खोकलं तरी ते ओरडायचे.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे मानतात की पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते. लहानपणापासून गावातली मोठमोठी माणसं माझ्यासमोर उंबऱ्यावर पालथी झोपली आहेत. शाळेत माझा नंबर कधी वर आला नाही, पण पाठ धरली की लोक म्हणायचे, "बस्याला बोलवा." खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

अव्वानं होस्टेलवर फोन केला. "बसू, ये की रं. पाय लावून जा."

नर्व्ह म्हणजे काय हे मी अकरावीत शिकलो होतो. पाय लावून काही होत नाही हे मला माहीत होतं. तरी गेलो. आप्पा उंबऱ्यावर पालथे पडले आणि मी डावा पाय तीनदा लावला. तिसऱ्यांदा जरा जोरात, कारण आप्पाच म्हणाले, "कॉलेजात जाऊन पायातला जोर गेला का काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं निम्मं झालं होतं. तिसऱ्या दिवशी जवळजवळ गेलं. पाऊल मात्र बधिर झालं होतं. चालताना डाव्या पायातली चप्पल मागं राहायची आणि आप्पांना ते कळायचंच नाही. शेजारची म्हातारी हसत म्हणाली, "उसण पायातनं उतरायली बघ. जाताना चप्पल काढून जातीया." सगळे हसले. मीही हसलो. आप्पा पारावर बसून सांगत होते, "डाक्टरला जमंना त्ये माज्या पोरानं केलं."

मी त्या खुशीतच सोलापूरला परत आलो.

पुढं डॉक्टरांनी मला समजावलं ते लिहून ठेवतो. दबलेली शीर काम सोडायला लागली की कधी कधी दुखणंही कमी होतं. म्हणून दुखणं कमी झालं पण पायात बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर त्याला बरं होणं म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी अडली किंवा जांघेत बधिर वाटलं तर एक तासही थांबू नका. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

पाय लावल्यापासून बाराव्या दिवशी माढ्याकडच्या एका जत्रेला निघायचं म्हणून आप्पा टेम्पोत बसले. डावं पाऊल क्लचवर चढेना. चवडा पेडलखाली अडकायचा. त्यांनी हातानं पाय उचलून वर ठेवला, तो घसरला. तासभर ते तसेच बसून होते, असं अव्वा सांगते. मग तिनं मला फोन केला, आणि त्याच दिवशी आम्ही त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात आणलं.

आता पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत येतो. "परवापास्नं" असं आप्पा म्हणाले, कारण बारा म्हटलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं, बारा दिवसांपूर्वी काय झालं? माझं नाव येऊ नये म्हणून ते बोलले.

"बारा दिवस झाले," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग इतके दिवस काय करत होतात?"

"दुखत न्हवतं की," अव्वा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन ठरलं. डिस्केक्टमी, म्हणजे बाहेर आलेला चकतीचा तुकडा काढून शीर मोकळी करणं. मी आणि अव्वा बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर एक बाई मुलीशी तेलुगूत बोलत होती. मुलगी सारखी तिच्या पायांना हात लावून काहीतरी विचारायची. अव्वाला तेलुगू येत नाही, तरी ती लक्ष देऊन ऐकत होती. मी मोबाईलवर 'फूट ड्रॉप' शोधत होतो. एका ठिकाणी आशा वाटायची, दुसऱ्या ठिकाणी ती जायची. अव्वानं विचारलं, "काय म्हणतोय त्यो फोन?" मी म्हणालो, "रेंज नाही."

ऑपरेशन नीट झालं. कळ गेली. पाऊल आलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी आप्पा कपडे घालत होते, तेव्हा मी डॉक्टरांना एकटं गाठून पाय लावल्याचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते दमलेले दिसले. "तुझ्या पायानं गादी बाहेर आली असं मला वाटत नाही. ती आधीच आलेली असणार. पण ते बारा दिवस मिळाले असते तर बरं झालं असतं. शीर हळूहळू सुधारते. वर्षभर वाट बघायची."

आभार मानून मी बाहेर आलो. मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

त्यानंतर व्यायाम, बुटात घालायचा प्लास्टिकचा आधार, आणि नियम. जड उचलायचं नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त एका जागी बसायचं नाही. सुट्टीत गावी गेलो तेव्हा एका सकाळी आप्पा बंद टेम्पोत बसलेले दिसले. हातानं पाय क्लचवर ठेवत होते, घसरला की पुन्हा ठेवत होते. मी भिंतीआडून परत फिरलो. शिकलेला मुलगा म्हणून घरात माझ्याकडे बघत होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

रोज रात्री जेवण झालं की मी फोन करायचो. "पाय कसा आहे?" आप्पा म्हणायचे, "हाय की." एवढंच. टेम्पो मोहोळच्या कुणाला तरी द्यायचा, असं मधे कानावर आलं. मी विरोध केला नाही. कोणत्या तोंडानं करणार होतो?

मार्गशीर्षात माझी परीक्षा चालू होती. शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी दुपारी अव्वाचा फोन आला. मागं गाड्यांचे आवाज येत होते.

"बसू, आमी मोहोळात हाय."

मला वाटलं, गाडी विकायला गेले.

"इकाया कशाला? हितं जवळच्या गावात जत्रा हाय. पाळणा घरीच ठिवला, फुगं आन् भिरभिरी आणल्यात. मी चालवतीया. दोन म्हैनं शिकले. शिकाऊ लायसन बी काढलंय. तू अब्यास सोडून पळत येशील म्हणून सांगितलं न्हाय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "सकाळी सोलापुरातनंच आलो. तुज्या कॉलेजावरनं. ह्ये म्हणाले, थांबू नगो, पोराचं ध्यान इस्काटल."

दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून आप्पांना उतरवायचं, चालवायचं, पुन्हा बसवायचं, असं करत त्यांना तिथं पोचायला दुपार झाली होती. मी फोन आप्पांना द्यायला सांगितलं.

"गेर लई करकर वाजीवतीया तुजी आई," ते म्हणाले.

"आप्पा, पाय?"

"परवा दाकवून आलो. डाक्टर म्हणाले, आता हाय हितंच ऱ्हायचं त्ये पाऊल. जादा आशा धरू नगा म्हणाले."

मी फोन कानाला तसाच धरून नाक ओढलं. पलीकडून अव्वा गाडी चालू करत असल्याचा आवाज आला.

"आरं, रडाय काय झालं?" आप्पा म्हणाले. "डाव्या शिटाला क्लच नसतोय की."